शुक्रवारचा उपास

वाईनिकोरो, १४ ऑगस्ट

प्रिय अपकुकी दादास,

लिटियाचा प्रभूमध्ये सलाम.

इकडे सगळे सुखरूप आहेत असं लिहायची सवय आहे, म्हणून तसंच लिहिते. तू इतक्या लांब, उगाच जिवाला घोर नको. आईचा गुडघा बरा आहे. कसावा चांगला आलाय. डुकरं पुन्हा पाद्रीबाबांच्या वाफ्यात शिरली आणि त्यावरून आईला चार शब्द ऐकावे लागले.

रग्बीचा अंतिम सामना आपण हरलो हे तुझ्या कानावर आलंच असेल. नाबुवाकडून हरलो, म्हणजे खाडीपल्याडच्यांकडून. शुक्रवारी साऱ्या गावानं उपास धरला होता. उपदेशाला आपले बाबाच उभे होते. त्यांनी आपल्या साकिउसाला पुढ्यात बसवलं आणि प्रार्थना केली, "प्रभू, याचा खांदा तुझ्या हाती दिलाय, आता तूच चालव." साकिउसा रडत आमेन म्हणाला. मी लेकीच्या कानात म्हटलं, बघ, तुझा धाकटा मामा उद्या नाबुवावाल्यांना कसा लोळवतो ते.

दादा, त्यानं लोळवलं.

चेंडू घेऊन धावणाऱ्या नाबुवाच्या एका पोराला त्यानं कमरेत खांदा घालून आडवं केलं. सगळं नियमात होतं, पंचानं शिट्टीसुद्धा वाजवली नाही. आम्ही नाचत होतो. पोरगं काही उठेना. साकिउसा त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसला, त्याच्या तोंडाशी कान नेला, आणि स्ट्रेचर निघालं तसा मागोमाग मैदानाबाहेर चालू लागला. प्रशिक्षक ओरडत होता, आपलीच माणसं शिव्या घालत होती. तो परत आला नाही. मीही त्याला भित्रा म्हणाले, अगदी मोठ्यानं.

रविवारी बाबांनी त्याला चर्चमध्ये साक्ष द्यायला उभं केलं. गावाची माफी मागेल असं सगळ्यांना वाटलं. तो म्हणाला, "मी खांद्यात बळ मागितलं होतं. तुम्हीही मागितलंत. देवानं दिलं. आता त्याचं मी काय करू?"

बाबांनी गीताचा क्रमांक सांगितला आणि स्वतःच गायचं विसरले.

मंगळवारी तो मुलगा गेला. हे मी पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, पण हात धजेना. वेरेती त्याचं नाव. नुकतं मिसरूड फुटलं होतं. चूल पेटवते आणि तिच्यावर काय ठेवायचं ते विसरते.

काल बाबा आणि साकिउसा रिवाजाप्रमाणे देवमाशाचा दात घेऊन माफी मागायला नाबुवाला गेले. मीही गेले. त्यांनी दात घेतला नाही तर काय होतं ते तुला ठाऊक आहे. दोन गावांचं जाणं-येणं, सोयरीक, सगळं तुटतं. उभ्या जन्मात कुणापुढे न वाकलेले आपले बाबा त्यांच्या दारात चिखलात बसले, साकिउसा त्यांच्यामागे. बऱ्याच वेळानं वेरेतीचे चुलते बाहेर आले. त्यांनी दात घेतला आणि माफी दिली. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

मग वेरेतीची आई आली. तिनं साकिउसाला विचारलं, "तो काही बोलला का रे?"

"पाय जाणवत नाहीत म्हणाला, काकू. मग म्हणाला, प्रार्थना कर. मला शब्दच सुचेनात. शेवटी त्यानंच केली."

ती बराच वेळ त्याचा हात धरून बसली. नंतर बाबांकडे वळली. आवाजात राग नव्हता, दादा. राग असता तर बरं झालं असतं.

"उपदेशकबाबा, शुक्रवारी आम्हीही उपास केला होता."

आज सकाळी बाबा घरच्या प्रार्थनेला उभे राहिले, "तुझी इच्छा" एवढंच म्हणाले आणि खाली बसले. इतकी छोटी प्रार्थना त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नव्हती.

तू सैन्यात गेलास त्या दिवसापासून मी रोज पहाटे एकच मागते, प्रभू, माझ्या दादाचा नेम चुकू देऊ नकोस. आज गुडघे टेकले आणि ते मागता आलं नाही. नुसतं तुझं नाव घेतलं.

तुझीच,
लिटिया