पलीकडच्या काकांना ब्लॉक केलं तेव्हा

बाबा, तुला फोन कधी आवडला नाही, आणि मी आज तुला जे सांगायला बसले आहे ते सगळं फोनमधलंच आहे. तू होतास तेव्हा गावात एकच फोन, किराणा दुकानातला. त्यावर बोलताना तू खाडीच्या पलीकडच्या काठावर कोणाला तरी हाक मारल्यासारखा ओरडायचास, आणि दुकानदार म्हणायचा, एवढं ओरडायचं तर फोन कशाला लावलास? आता फोन सगळ्यांच्या खिशात आहे आणि त्यात एक कट्टा आहे. बसायला दगड नाही, चहा नाही, पण कट्टाच म्हणतात. पेणची, रोह्याची, मधल्या सगळ्या गावांची माणसं त्यावर येतात आणि रस्त्यातल्या खड्ड्यांपासून दिल्लीच्या सरकारपर्यंत सगळ्यावर भांडतात. खरं नाव द्यायलाच पाहिजे असं काही नाही. बरेच जण टोपणनावानं लिहितात आणि मग त्यांच्या तोंडाला धरबंध राहत नाही. मी मात्र माझ्या नावानं लिहिते, तेही माहेरच्या. तुझं आडनाव त्या कट्ट्यावर बऱ्यापैकी गाजतंय, एवढं तुला सांगायला हरकत नाही.

मी रोह्याला असते. धाटावच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत काम करते, सकाळची शिफ्ट असली की दुपारी घरी. घरी आले की कुकर लावायचा आणि कुकर होईपर्यंत फोन उघडायचा, अशी सवय लागली. त्यात किती वेळा डाळ करपली त्याचा हिशेब तुझ्या जावयाकडे आहे. तो म्हणतो, "सासऱ्यांचं तोंड होतं, तुझी बोटं आहेत. फरक एवढाच की सासरे निदान जेवायला उठायचे." मला राग येतो, पण खोटं काय आहे त्यात? कोणी काही चुकीचं लिहिलेलं दिसलं की माझ्या अंगाला मुंग्या येतात. हा रोग मला कोणाकडून आला ते मी कोणाला विचारायला जात नाही.

संध्याकाळ आठवते. तू मिठागरातून येतोस, पाय धुतोस, तरी टाचांच्या भेगांत मीठ राहतंच. आई चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या थापते आहे. तू ओटीवर रेडिओ लावतोस आणि बातम्या सुरू झाल्या की पलीकडचे काका कुंपणातून वाकून येतात. दार त्यांना ठाऊकच नव्हतं. तुमचे पक्ष वेगळे, पुढारी वेगळे, आणि बातमी कुठलीही असो, ती एकाला खरी वाटली की दुसऱ्याला खोटी वाटलीच पाहिजे. आवाज चढत जातात, कुत्रं उठून लांब जाऊन बसतं. आई आतूनच म्हणते, "गो, या दोघांना च्या दे, म्हंजे तोंडं तरी भाजतील." मी चहा आणून देते. तुम्ही फुंकर मारून पिता आणि फुंकरीच्या मधूनसुद्धा भांडता. मग भाकरी झाली की काका उठतात, आणि तू म्हणतोस, "थांब रं, माझं बोलून झालं नाय." ते म्हणतात, "उद्याला ठेव." रोज हेच. एका बैठकीत भांडण संपवलं असं तुमचं एकदाही झालं नाही. मला तेव्हा वाटायचं, ही माणसं किती मठ्ठ, इतकी वर्षं बोलून एकाचं दुसऱ्याला पटत नाही.

आणि तो गुलालाचा दिवस. तुझा पक्ष पडला होता. काकांच्या लोकांची मिरवणूक आळीतून येत होती, ताशा वाजत होता. तू आत खाटेवर पडला होतास आणि तुझा उतरलेला चेहरा मला बघवत नव्हता. काका मिरवणुकीतून बाहेर पडले आणि आपल्या घराकडे वळले, दोन्ही मुठींत गुलाल. मी पुढे झाले आणि त्यांच्या तोंडावर दार लावलं, आतून कडी घातली. वाटलं, तू शाबासकी देशील. तू उठलास. "कडी कुणाला घातलीस गो?" मी म्हटलं, ते चिडवायला आलेत. तू म्हणालास, "मंग? त्याला चिडवायला दुसरं हाय कोण? कुत्र्याला लावतात दार. माणसाला नाय लावत आपण." आणि कडी काढून तू दारात उभा राहिलास, डोळे मिटून, आणि काकांनी तुझ्या कपाळापासून हनुवटीपर्यंत गुलाल फासला. नंतर दोघंही हसलात. मी नाही हसले. मला तुम्हा दोघांचाही राग आला होता.

आता कट्ट्याकडे येते. दीड-दोन वर्षांपूर्वी तिथे 'खाडीचा वारा' नावाचा एक माणूस उगवला. मी काहीही लिहिलं की खाली हजर. भाषा अगदी छापील, शिवी नाही, ओरडा नाही, पण माणूस चिवट. "आपल्या मताचा आदर आहे, तथापि" अशी सुरुवात करायचा आणि मग माझं म्हणणं मुळापासून उपटायचा. ते 'तथापि' वाचलं की माझं डोकं फिरायचं. कुठल्या तरी निवृत्त मास्तराचं काम असणार, असं मी धरून चालले होते. तुझा जावई विचारायचा, "आज वारा कसा आहे?" मी कुकरकडे बघत म्हणायची, "उलटा."

मग खारबंदिस्तीचा, खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधांचा, विषय निघाला. यंदा उधाणाच्या भरतीला आपल्याकडच्या बांधाला खांड गेली, खारं पाणी शेतात शिरलं. मी लिहिलं की सरकारनं दगडी बांध घालून मोकळं व्हावं, ते सरकारचं कामच आहे. तू आयुष्यभर हेच म्हणायचास. वाऱ्यानं लिहिलं, ठेकेदाराचा दगड दोन पावसाळ्यांत खचतो, त्याला बघायला कोणी येत नाही. मातीचा बांध गावाच्या हातात असतो, सरकारनं गावालाच मजुरी द्यावी आणि गावानं तो राखावा. मी भडकले. खांड गेली की घरटी एक माणूस चिखलात उतरायचा, ते काय कौतुकाचं होतं का? ती वेठबिगारी होती, आणि तिला परंपरा म्हणणारे स्वतः कधी चिखलात उतरले नाहीत, असं मी लिहिलं. मग उत्तर आलं, 'तथापि'शिवाय. "तुमचे वडील याच चिखलात उभे राहिले. त्यांना हे पटलं नसतं."

बाबा, कोण कुठला टोपणनावाचा माणूस, आणि तो मला माझ्या बापाबद्दल सांगणार? मी त्याला ब्लॉक केलं. म्हणजे काय ते तुला सांगते. एक बटण असतं, ते दाबलं की तो माणूस आपल्याला दिसत नाही आणि आपण त्याला दिसत नाही. कडीच म्हण ना. दाबल्यावर दोन दिवस फार शांत वाटलं. नंतर मी काही लिहिलं की लोक पसंतीचे अंगठे द्यायचे, वा वा म्हणायचे, आणि मला उगीच अळणी वाटायचं.

आषाढात मी पेणला पाट द्यायला गेले. आपला तोच पाट, तू सुताराकडून करून घेतलेला. मागे खडूनं नाव लिहून कारखान्यात दिला की गणपती त्याच पाटावर बसून घरी येतो, ही रीत मी रोह्याला राहूनही सोडलेली नाही. काकांची धाकटी सून त्या कारखान्यात आखणी करते. तिचा हात इतका चांगला आहे की डोळे फक्त तिलाच देतात. मी गेले तेव्हा ती एका मूर्तीच्या डोळ्याची रेघ ओढत होती. मी गप्प उभी राहिले, कारण त्या वेळी तिच्याशी बोलायचं नसतं. तीच बोलली, नजर न हलवता.

"ताई, रागवू नका. आमच्या बाबांना उघडा ना."

"काय उघडू?"

"तुम्ही बंद केलंय त्यांना. खाडीचा वारा म्हंजे आमचे बाबा. ते बोलतात, मी लिवते."

माझ्या हातात पाट तसाच राहिला. तिनं रेघ पुरी केली, कुंचला ठेवला, आणि मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "ते बोलतात तसं लिवलं तर लोक हसतील म्हणून मी शाळेतल्यासारखं करते. त्यात 'तथापि' माझं हाय." पुढे म्हणाली, "पंधरा दिवस झाले, नीट जेवत नायत. फोन धरून बसतात. सारखं विचारतात, बघ गो, उघडलंन काय तिनं? म्या विचारलं, ताईंना तुमचं नाव कळवू काय, तर नको म्हणाले. म्हणाले, नाव कळलं तर ती माझं वय बघून गप्प बशेल. मना गप्प बसणारी नको हाय."

मी पाट ठेवला आणि तिथून थेट गावाला गेले. काका ओटीवर होते, फार वाळलेत. कानाला कमी येतं, पायात जोर नाही. मला बघून आधी त्यांनी तोंड फिरवलं. तुझ्यासारखेच रुसतात. मी पायाशी बसले. म्हटलं, "काका, चुकलं."

"काय चुकलं? बांधाचं?"

"बांधाचं नाय. कडी घातली ती."

"हां." त्यांनी कुंपणाकडे मान वळवली. तुझ्याकडे यायची ती वाट आता बुजली आहे, तिथे कर्दळ माजली आहे. मग म्हणाले, "तुझा बापूस गेला न मी जिंकलो. समोर कोणच नाय. रोज जिंकतंय. काय करू त्या जिंकण्याला? मंग ही पोरगी म्हणाली, फोनात तुमच्या दोस्ताची लेक भांडते. म्हटलं वाच. तिनं वाचलंन न मना वाटलं, हा तर तोच बोलतंय."

बाबा, मी रडले. ते बघून काका खेकसले, "रडतेस काय? बांधाचं उत्तर दे आधी." मी डोळे पुसून उत्तर दिलं. आम्ही अंधार पडेपर्यंत भांडलो आणि शेवटच्या गाडीच्या वेळेला मी उठले तेव्हा ते म्हणाले, उद्याला ठेव. तेव्हापासून रोज चाललंय. सुनेला मी सांगून ठेवलं, ते बोलतात तसंच लिही. आता खाडीचा वारा 'नाय' आणि 'व्हय' लिहितो आणि कट्ट्यावरचे लोक त्याला अडाणी म्हणतात. तसं म्हणणाऱ्यांचा समाचार मी घेते, मग परत वाऱ्याचा घेते.

दिवाळी सरली आणि निवडणूक आली. माझं मत अजून गावातच आहे, रोह्याला हलवायला मी दरवर्षी विसरते. आदल्या दिवशी सुनेचा फोन आला की बाबांना केंद्रापर्यंत चालवत नाही, ते म्हणतात राहू दे. आणि मला ती सायकल आठवली. काकांचा पाय प्लास्टरमध्ये, तू त्यांना कॅरियरवर बसवलंयस, पाय आडवा बाहेर आलाय, आणि तू सायकल ढकलत शाळेपर्यंत नेतो आहेस. वाटेत सगळे हसतात. "अरे, त्याचं मत तुझ्या इरुद्ध जाणार!" तू म्हणतोस, "जाऊ दे की. माझ्या मताला जोड नको?" मत देऊन बाहेर आल्यावर काका म्हणतात, फिट्टंफाट. तू म्हणतोस, फिट्टंफाट. तुझं एक, त्यांचं एक, दोन्ही गेली, आणि मग शाळेच्या बाहेर दोघं कटिंग चहा पिता.

मी रिक्षा केली. काकांनी पांढरा सदरा घातला होता, वाटभर मला माझ्या उमेदवाराच्या चुका सांगत होते आणि मी त्यांना त्यांच्या. रिक्षावाला आरशातून बघत होता की ही दोघं आता मारामारी करतात की काय. केंद्रात मी त्यांना धरून आत नेलं. त्यांचं झालं, मग माझं. बाहेर येऊन बाकावर बसलो. त्यांनी शाई लागलेलं बोट माझ्या बोटाला लावलं आणि तोंडभर हसून म्हणाले, "तुझं एक, माझं एक. फिट्टंफाट."

मी म्हटलं, "व्हय काका. फिट्टंफाट."

हे पत्र मी कुठे टाकणार? तुझा पत्ता नाही, आणि ते गावात कोणाच्या हाती पडलेलंही मला चालणार नाही. काकांच्या तर मुळीच नाही. कारण इतके महिने भांडून भांडून बांधाचं त्यांचं म्हणणं मला पटलं, बाबा. पुरतं पटलं. बटण दाबताना मी तुझी क्षमा मागितली आणि त्यांच्या माणसाला मत दिलं. उद्या कुकर लावून मी परत तुझ्या बाजूनं भांडायला बसेन, ते जिवंत आहेत तोवर बसेन. पण फिटलं नाही रे. या खेपेला त्यांची दोन झाली.