बाईच्या जागी ऑर्गन

१७ ऑगस्ट, रविवार
आजपासून पटकथा. निर्णय पक्का. उभा जन्म नाटकांना ऑर्गन वाजवण्यात गेला, आता बस झालं. कंपनीने या हंगामासाठी कीबोर्डवाला ठरवला आहे. तो म्हणे पेनड्राइव्हमध्ये सगळी गाणी घेऊन येतो. मॅनेजर फोनवर म्हणाला, "ताराचंदजी, तुमी आता आराम करा." आमच्या करडी गावात कोणी म्हणत असेल की मला काढलं, तर ते साफ चूक आहे. माझ्या मनात कधीचं होतंच.

सिनेमाचं नाव 'काळी पाच'. ही माझी आवडती पट्टी. नायक ऑर्गनवादक. कथा पूर्ण काल्पनिक. नायकाचं नाव चंद्रकुमार.

घरी शांतता आहे. बायको, रुखमिणी, नात झाली तेव्हा महिनाभरासाठी नागपूरला मुलाकडे, भुपेंद्रकडे गेली. नात आता बालवाडीत जाते. लेखकाला एकांत लागतोच.

१८ ऑगस्ट
वेळापत्रक: पाचला उठणे, फिरणे, सहा ते दहा लेखन. नऊला उठलो. कलावंताचं शरीर रात्रीला सरावलेलं असतं, त्याला एकदम धक्का देऊ नये. वेळापत्रक सोमवारपासून.

आज सोमवारच आहे हे नंतर लक्षात आलं. पुढच्या सोमवारपासून.

२३ ऑगस्ट
तान्हा पोळा. पोरं लाकडी नंदीबैल घेऊन बोजारा, म्हणजे सणाचे पैसे, मागायला दारात आली. सुटे नव्हते, म्हणून बिस्किटं दिली. रुखमिणी बरोबर आठवण ठेवून सुटे काढून ठेवायची. लेखनात मोठाच व्यत्यय आला. पोरं गेल्यावर तर काही सुचेचना.

९ सप्टेंबर
गाडी सुसाट. नायकाची एण्ट्री, नायकाचा सत्कार, नायकाच्या गाण्याला वन्समोअर. वन्समोअरसाठी तोच सीन पुन्हा लिहिला. सिनेमात प्रेक्षक ओरडले तरी पडदा ऐकत नाही, म्हणून आधीच सोय केलेली बरी.

संवाद मोठ्याने म्हणून पाहतो. आधी चंद्रकुमारचा आवाज, मग पुढाऱ्याचा, मग मॅनेजरचा. शेजारच्या ललिताबाई कुंपणाजवळ येऊन विचारत होत्या, "काहून जी भाऊ, घरी पाहुने आले का?" मी म्हटलं, हो. उगाच कुठे समजावत बसायचं. थोड्या वेळाने त्यांनी चौघांना पुरेल एवढी भाजी आणून दिली. दोन दिवस तीच खातो आहे.

२१ सप्टेंबर
पहिला ड्राफ्ट पूर्ण! तुमसरला जाऊन झेरॉक्स काढल्या. एक प्रत अश्वजितला दिली. हा इथल्या शाळेत मास्तर आहे, मोबाइलवर शॉर्टफिल्म काढतो. एका फिल्मला जिल्ह्यात बक्षीसही मिळालं. नवशिका आहे, पण स्वभावाने चांगला.

२८ सप्टेंबर
अश्वजित येऊन गेला. चहा मीच केला, साखर विसरलो. तो म्हणाला, "काका, संगीत लई जबरदस्त लिहिलं तुमी. पन चंद्रकुमारची बायको बोलतच नाई." मी म्हटलं, नीट वाच. तर त्याने पानंच दाखवली. जिथे जिथे तिची बोलायची वेळ येते तिथे मी लिहिलं आहे: 'ऑर्गनवर करुण सूर.'

मी त्याला आमच्या रंगभूमीचं तंत्र समजावून सांगितलं. नायिकेचा कंठ दाटला की ती पदर तोंडाला लावते, पुढचं सगळं ऑर्गनवाला सांभाळतो. मंडपातल्या बाया मुळूमुळू रडतात. तो म्हणाला, "नाटकात ते आदी बोलते काका, मंग रडते."

तांत्रिक मुद्दा आहे. दुरुस्त करायला एक दिवस पुरे.

५ ऑक्टोबर
नायिकेचे संवाद लिहायला घेतले. 'जेवन वाढू का?' हा एक लिहिला. अगदी वास्तववादी.

पुढचा अजून नाही. रुखमिणी काय बोलायची हे आठवून पाहिलं (फक्त संदर्भासाठी, कथा काल्पनिकच आहे). दिवाळी ते होळी रोज रात्री मी बाहेरगावी नाटकाला असायचो. सकाळी येऊन झोपायचो. बाकीचे महिने रियाज, आणि ऑर्गन चालू असताना कोणाचंच बोलणं ऐकू येत नाही. ती बोलत असणार एवढं नक्की. ओठ हललेले आठवतात.

८ ऑक्टोबर
नागपूरला फोन लावला. कंदील घेऊन रात्रभर नवऱ्याची वाट पाहण्याचा सीन रुखमिणीला वाचून दाखवला. माझाच आवाज भरून आला. ती हसली. म्हणाली, "मी कायले वाट पाहू जी? कडी लावून झोपून राहो. सकाळी तुमीच दार ठोकत होते." मी म्हटलं, हे सिनेमात चालत नाही, तू अजून काही सांग. तेवढ्यात नातीची व्हॅन आली, तिने फोन ठेवला.

कंदील ठेवला आहे. कॅमेऱ्याला उजेड लागतो.

एक महत्त्वाचं: तिला मंडईला बोलावलं. ती येते म्हणाली. म्हणजे "पाहू" म्हणाली, पण मी तिचा सूर ओळखतो. दिवाळीनंतर इकडे प्रत्येक गावाची मंडई, म्हणजे जत्रा, भरते, त्या दिवशी ज्याच्या घरी पाहुणे नाहीत असं घर सापडत नाही. मी मात्र दर मंडईला दुसऱ्याच कुठल्या गावच्या स्टेजवर असायचो. यंदा पहिल्यांदाच आपल्या मंडईला आपल्या घरी. तिला पूर्ण पटकथा वाचून दाखवणार. ऐकल्यावर ती इथेच राहील. नागपुरात तिचं मन तसंही लागत नसणार.

१९ ऑक्टोबर
शेवट नवीन लिहिला. तुमसर रोड स्टेशन. गाडी थांबते, बायको उतरते. चंद्रकुमार फलाटावर ऑर्गन वाजवतो आहे. ती हातातली ट्रंक खाली ठेवते. समाप्त. रेल्वेची परवानगी नंतर बघू.

लिहिताना रडलो. लेखनात ताकद असल्याशिवाय असं होत नाही.

१ नोव्हेंबर
घर झाडलं. तिची खाट उन्हात टाकली. डाळ, तेल, तिच्या आवडीचे पोहे भरून ठेवले. महिनाभर पुरेल.

२ नोव्हेंबर, रविवार. मंडई.
आले! दुपारी कारने. नातीने मला "अंकल" म्हटलं, सूनबाईने म्हणजे उर्वशीने लगेच सुधारलं. मग भुपेंद्र आणि त्या दोघी मंडईत आकाशपाळण्यात बसायला गेले. घरी रुखमिणी आणि मी. वाचन सुरू केलं. ती कपाट उघडून साड्या, स्वेटर, तिच्या आईने शिवलेली गोधडी काढून पिशव्यांत भरत होती. मी थांबलो की म्हणे, "वाचा ना जी, आयकून राहिली मी." ऐकलं तिने, खोटं का बोला. एकही पान सोडायला सांगितलं नाही. कंदिलाच्या सीनला हसलीसुद्धा नाही.

संपल्यावर म्हणाली, "शेवट चांगला हाये. पन ते बाई वापस कायले येते, ते नाई लिहिलं तुमी."

मी म्हटलं, ऑर्गन ऐकून येते.

ती म्हणाली, "ऑर्गन तं तिनं जलमभर आयकला."

रागाने नाही म्हणाली. गोधडीची घडी घालताना म्हणाली. मग माझ्यासाठी भाजी-भाकरी करून झाकून ठेवली, गोळ्या वेळेवर घ्या म्हणाली, आणि चार वाजता सगळे निघाले. भुपेंद्रला सोमवारी ऑफिस होतं. ललिताबाईंकडे पाहुणे अंगणात मावत नव्हते. मी दार लोटून घेतलं.

कपाटाचे दोन कप्पे मोकळे झाले. एकात पटकथेच्या प्रती राहतील.

३ नोव्हेंबर
एकच सीन बाकी. ती बाई परत का येते. इतर सगळं जमलं आहे, अश्वजितही संगीत चांगलं आहे म्हणाला. सकाळी बसलो. लिहिलं: 'तिला त्याची आठवण येते.' कशाची आठवण, ते लिहिता येईना. खोडलं. 'तिला त्याची दया येते.' हेही खोडलं. दुपारी जेवलो नाही, काल तिने केलेली भाजी संपवावीशी वाटली नाही. घरात फार एकटं वाटतं आहे. हे पटकथेत घालायचं नाही.

संध्याकाळी वाटलं, तिलाच फोन करून विचारावं. तिला कारण नक्की माहीत असेल. नंबर काढला होता. मग लक्षात आलं की विचारलं तर ती खरं सांगेल, म्हणून लावला नाही.