शिडीवालीची दुसरी बाजू

प्रिय टकटक,

घरी तुला याच नावाने हाक मारतात, असं तुझ्या आईकडून कळलं. टेबल, ताट, खिडकीची काच, जे सापडेल त्यावर तू बोटं वाजवत असतेस म्हणे. तुझा मेसेज मिळाला. जुनं इटालियन प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकायचं आहे, पहिली कुठली रेकॉर्ड ऐकू, आणि आणखी एक विचारायचं होतं पण राहू दे. मी तुझ्याएवढी चपळ नाही. फोनवर एक अक्षर दाबायला जावं तर तीन उमटतात. शिवाय हे संगीत काही दोन ओळींत सांगण्यासारखं नाही, म्हणून सरळ कागद घेऊन बसले. तुझ्या मेसेजमध्ये तू एका माणसाचं नाव अगदी शिताफीने टाळलं आहेस. ते माझ्या लक्षात आलं. हरकत नाही. मीही तूर्तास त्या वाटेला जात नाही.

तर, घोडेवालीपासून सुरुवात कर. या रेकॉर्डींची खरी नावं मला आजही नीट उच्चारता येत नाहीत. आमच्या घरी त्या कव्हरवरच्या चित्रांवरूनच ओळखल्या जायच्या. घोडेवाली, शिडीवाली, बुडालेल्या चर्चची, दोन चंद्रांची. घोडेवालीत तुझ्या कामाचं पुष्कळ आहे. ड्रम वाजवणारा सात मात्रांत धावतो आणि आता पाय अडकून पडणार असं वाटतं तेव्हाच नेमका जमिनीवर येतो. मी दात घासता घासता, म्हणजे दुसऱ्यांचे, त्या सात मात्रा मोजायला शिकले. मी कवळ्या बनवते हे तुला सांगितलं असेलच कोणीतरी. आता गुडघे कुरकुरतात, कामही एकाच म्हाताऱ्या डॉक्टरचं उरलं आहे, पण अजून दुपारी खिडकीशी बसते. समोर फळीवर प्लास्टरचे जबडे वाळत असतात. ऊन तिरपं झालं की ते सगळे एकदम हसल्यासारखे दिसतात. अशा वेळी घोडेवाली लावावी.

बुडालेल्या चर्चची मात्र घाईत ऐकू नकोस. जेवण झालेलं असावं, कोणी येणार नसावं, डोळे अर्धे मिटलेले असावेत. त्यात मेलोट्रॉन नावाचं एक वाद्य आहे. दिसायला पेटीसारखं, पण प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा, आणि त्या टेपवर कधीतरी, कुठल्यातरी खोलीत वाजवलेली व्हायोलिनं. पट्टी दाबली की आत कोंडलेली ती माणसं काही क्षण वाजवतात आणि त्यांचा दम संपतो. तो आवाज खऱ्या व्हायोलिनचा वाटत नाही. व्हायोलिनची आठवण यावी तसा वाटतो, पाण्याखालून आलेला, कडेला थोडा विरलेला. त्यावर एक बासरी येते. मी ती ऐकताना कितीदा झोपले असेन आणि दर वेळी स्वप्नात तेच पाहिलं आहे, की मी एका ओल्या, लांबलचक वाळूवरून चालते आहे, समुद्र खूप आत गेला आहे आणि मला कुठेही वेळेवर पोचायचं नाही. तिकडच्या काही पोरांनी सत्तरच्या दशकात, जेमतेम पाच-सहा वर्षं, असलं काहीतरी केलं. शास्त्रोक्त पियानो शिकलेली, केस वाढवलेली पोरं. एकेक गाणं अख्ख्या बाजूभर लांब. मग फॅशन बदलली आणि ती पोरंही आपापल्या मार्गाला लागली असतील. त्यांच्यापैकी एखाद्याची कवळी आता कोणीतरी बनवत असेल, असा एक विचार उगाच मनात येतो.

मला हे संगीत आवडून मी त्याच्याकडे गेले असं मात्र समजू नकोस. ते भिंतीतून आलं. मी एकतिसाव्या वर्षी लग्न केलं, ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाशी. सज्जन, अबोल, कपड्यांना कायम ग्रीसचा वास. त्याची पहिली बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती आणि तेरा वर्षांचा एक मुलगा होता. लग्नाआधी मी फार शहाणपणाने ठरवलं होतं, की पोराला जीव लावायचा. जणू जीव म्हणजे वॉलपेपर, की लावला आणि झालं! मुलगा वाईट वागला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. तो अतिशय नीट वागायचा. मला ‘तुम्ही’ म्हणायचा, ताट उचलून ठेवायचा आणि स्वतःच्या खोलीत जाऊन दार लावायचा. त्याने मला कुठल्याच नावाने हाक मारली नाही. काही हवं असेल तर पाठीमागे येऊन घसा खाकरायचा. त्या घरात पहिले काही महिने घसा खाकरणं हेच माझं नाव होतं.

आणि दाराआड ते संगीत. रेकॉर्डी त्याच्या आईच्या होत्या. तिने तरुणपणी टपालाने मागवून, जुन्या बाजारांतून शोधून एकेक जमवली होती. इटालियनचा एक शब्द तिला येत नव्हता. माझं कामाचं टेबल त्याच्या खोलीच्या भिंतीला लागून. सुरुवातीला मला ती नुसती कटकट वाटायची. मधेच घोडे उधळल्यासारखे ड्रम, मधेच कुणी गुरं हाकल्यासारखा ओरडतोय, मधेच एकदम शुकशुकाट. पण हात मेणात गुंतलेले असले की कान मोकळे असतात. एका दुपारी सगळी वाद्यं थांबली आणि त्या शांततेत गाणाऱ्याने श्वास घेतलेला मला ऐकू आला. गाण्याआधी माणूस घेतो तसा, घाबरलेला, खोल श्वास. माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी मी त्या श्वासाची वाट पाहत होते.

भिंतीतून ऐकता ऐकता आणखी एक गोष्ट कळली. शिडीवाली तो रोज लावायचा, पण तिची पहिलीच बाजू. ती संपली की सुई उचलल्याचा खट्ट आवाज, मग काहीच नाही. दुसरी बाजू कधी नाही. एकदा तो शाळेत असताना मी खोली झाडायला गेले आणि ती हातात घेतली. कव्हरवर निळी शिडी, कुठेही न टेकवलेली, नुसती आभाळात उभी. पहिली बाजू ओरखड्यांनी पांढुरकी पडलेली, दुसरी आरशासारखी. माझा चेहरा दिसला तिच्यात. नवऱ्याला विचारलं तेव्हा तो बराच वेळ बूट काढत बसला. मग म्हणाला, ती रेकॉर्ड हॉस्पिटलच्या थोडं आधीच आली होती. मायलेकांनी पहिली बाजू ऐकली आणि दुसरी ती घरी परत आल्यावर ऐकायची असं ठरवलं. तेवढंच बोलला आणि आंघोळीला गेला. मी रेकॉर्ड होती तशीच जागेवर ठेवली होती, त्यामुळे मला त्या क्षणी फार हायसं वाटलं.

मग एक दिवस भिंत गप्प झाली. रेकॉर्ड फिरवणारा रबरी पट्टा तुटला होता. तसला प्लेअर बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती आणि जग सीडीकडे गेलं होतं. पोरगा दुकानं पालथी घालून आला. जेवला नाही, रडलाही नाही. नुसता त्या उघड्या मशिनसमोर बसून राहिला, एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसा. माझ्याकडे डॉक्टर लोक दातावर ताणतात तसलं पातळ रबराचं शीट होतं. त्याची एक गोल चकती कापली, आतली बाजू कापून कडं केलं आणि त्याच्यासमोर धरलं. म्हटलं, बघ, बसतंय का. पट्टा बसला. सुई टेकवली. आणि ते जे काही वाजलं! रबर ताणलं जायचं, सैल पडायचं, त्यामुळे तो गंभीर गवई पोटात दोन पेग गेल्यासारखा लडखडत गात होता, बासरीला उचकी लागली होती. मी ओठ चावून उभी. पोराकडे बघायची हिंमत होईना. तेवढ्यात तो फिस्सकन हसला, मग खदखदून, पोट धरून. “गवयाची कवळी निसटली!” असं म्हणाला. मलाही हसू आवरेना. हसता हसता तो म्हणाला, “दातबाई, आता जरा जाड रबर कापा.” असं माझं बारसं झालं.

त्या दिवसापासून त्याचं दार पूर्ण लागेनासं झालं. वीतभर उघडं असायचं. मी आत गेले नाही. माझं स्टूल आणि मेणाचा डबा घेऊन बाहेरच्या पॅसेजमध्ये बसायला लागले, उजेड तिकडे बरा म्हणून. तिथे उजेड नव्हताच, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तो आतून माझ्याकडे न बघता सांगायचा, आता मेलोट्रॉन येईल, आता सात मात्रा सुरू होतील. एकदा मी विचारलं, हा माणूस म्हणतोय तरी काय? तर म्हणाला, “आईलासुद्धा माहीत नव्हतं. ती म्हणायची, अर्थ कळला की गाणं लहान होतं.” त्याने तिचा उल्लेख माझ्यासमोर केला तो पहिल्यांदा. मी दात घासत राहिले, नाहीतर डोळ्यांचं काही खरं नव्हतं. तिचा मत्सर वाटला का, असं पुढे मला एका मैत्रिणीने विचारलं. खरं सांगू? मला तिची ओढ वाटायला लागली होती. दोन चंद्रांचीमध्ये एका ठिकाणी मुलांचा कोरस दुरून जवळ येतो. तो ऐकताना, आत्ता ती शेजारी बसून आपलं तोंड बघत असेल, आवडलं का, आवडलं का, असं मला हटकून वाटायचं.

वर्ष उलटून गेलं. एका रविवारी तो माझ्या टेबलाशी आला, घसा न खाकरता. हातात शिडीवाली. म्हणाला, “दुसरी बाजू ऐकायची आहे. एकट्याने नको.” मी हात धुतले, एप्रन काढला, केससुद्धा सारखे केले, कुणाला भेटायला निघाल्यासारखे. त्याच्या खोलीत त्या दिवशी मी पहिल्यांदा बसले, खाली, पलंगाला टेकून. त्याने सुई ठेवली. आम्ही दोघंही काहीतरी भव्य, काळजाला घरं पाडणारं येणार म्हणून अंग चोरून बसलो होतो. आणि आलं काय, तर मेंडोलिन! बाजारातल्या बँडसारखी उनाड, टुणटुणीत धून, मधे पोरांच्या शिट्ट्या, मागे कोणीतरी चक्क खोकलंय. पोराचा चेहरा उतरला, मग लाल झाला. इतकी वर्षं जिवापाड सांभाळलेलं दार उघडावं आणि आत कोणीतरी पत्ते कुटत बसलेलं असावं, तसं झालं त्याचं. तो सुई उचलायला उठलाही. पण उचलली नाही. धून सावकाश बदलत गेली, मेंडोलिन मागे राहिलं, खालून तो पाण्यातला आवाज वर आला आणि शेवटी नुसतं पियानोचं एक वाक्य उरलं, पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडं हळू. सुई मधल्या लेबलाशी जाऊन खरखरत राहिली तरी आम्ही उठलो नाही. मग तो म्हणाला, “आईला नसतं आवडलं हे. तिला मेंडोलिन अजिबात आवडायचं नाही.” मी विचारलं, आणि तुला? त्याने कव्हरवरच्या शिडीकडे बघितलं. “मला आवडलं,” म्हणाला, आणि मग जो रडला, तो मी तिथे आहे हे विसरून रडला. मी त्याला जवळ घेतलं नाही. रेकॉर्ड पुसून कव्हरमध्ये घातली आणि बसून राहिले.

त्याने मला आई कधीच म्हटलं नाही, टकटक. आजही म्हणत नाही. त्याच्या वडिलांच्या शेवटच्या आजारात मध्येच माझा डोळा लागला तर पांघरूण घालून जायचा आणि उठल्यावर म्हणायचा, “दातबाई, घोरत होतात.” आमचं काही अडलं नाही.

आता तुझं ते ‘राहू दे’. पुढच्या महिन्यात तो मुलगा, बेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, त्या सगळ्या खोक्यांसकट तुमच्या घरी राहायला येतो आहे आणि तुझ्या आईशी लग्न करतो आहे. त्याला काय म्हणायचं, असं तुला विचारायचं होतं, असा माझा अंदाज. काहीही म्हण. घसा खाकर. तुझे बाबा तुला दर रविवारी फोन करतात, ते तुझे बाबा आहेत आणि त्या जागेवर कोणी बसणार नाही. तुझं दार लागलेलं असलं तर बाहेर ताटकळत उभं राहायचं नाही, अशी तंबी मी त्याला दिली आहे. तो तुला आवडलाच पाहिजे, असं सांगायला मी हे लिहिलेलं नाही. लिहिलं ते निराळ्याच कारणाने. ज्या दिवशी तुझा मेसेज आला, त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून, दहा वेळा अडखळून त्याने विचारलं, “दातबाई, तिला पहिली कुठली ऐकवू?” इतका घाबरलेला आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. तुला मी घोडेवाली सांगितली आहे. त्याला मुद्दाम दोन चंद्रांची सांगितली. आता तुम्ही दोघं काय ते भांडून ठरवा, आणि कोण जिंकलं ते मला कळव.

तुझीच,
दातबाई