तीन आर्म, एक तबकडी

६ नोव्हेंबर
तबकडीवर सुई धरणाऱ्या जुन्या आर्मने अखेर मान टाकली! आतलं बेअरिंग झिजलंय. भर दुपारी, दुकान भरलेलं असताना, गाणारी बाई एकाच शब्दावर अडकून बसली. गिऱ्हाइकं हसली. हे हसले नाहीत. मोरिओकात कॉफी कुठेही मिळते. आमच्याकडे लोक ऐकायला येतात.

८ नोव्हेंबर
रेकॉर्ड-प्लेअरचे दुकानदार नुमाता तीन आर्म घेऊन आले. आधी ऐका, मग घ्या म्हणाले. एक आखूड, हलका. एक लांब, वापरलेला. तिसरा इतका महाग, की मी हात पुसूनच जवळ गेले.

९ नोव्हेंबर
दिवसभर जुळवाजुळव. ह्यांनी भाताचे मुटके उभ्यानेच खाल्ले.

१० नोव्हेंबर
एकच तबकडी तिन्हींवर. आखूडवर आवाज चपळ, पण पातळ. महागड्यावर सगळं लख्ख — तरी वाजवणारे एकमेकांशी अबोला धरून बसल्यासारखे. लांबवर मात्र बास पोटात उतरला, आणि ओळ उचलण्याआधी ती बाई श्वास घेते, तोही ऐकू आला. मी कॉफी गाळत होते. थांबलेच.
ह्यांनी महागडा निवडला. नुमाता हळूच म्हणाले, लांबवाला निम्म्या किमतीत पडेल वहिनी, घाई नको.

१२ नोव्हेंबर
काय लिहू.
आज पुन्हा महागडा लावला. नुमातांकडून एक तार जोडायची राहिली. उजवा स्पीकर मुका! हे डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "बघा, दोन्हीकडून कसा मोकळा येतो आवाज."
नुमातांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्टोव्हकडे. मग त्यांनी गुपचूप तार जोडली, आणि आपल्यालाच नीट ऐकू आलं नाही, पुन्हा लावू या का, म्हणाले. देवमाणूस.

१३ नोव्हेंबर
सकाळी लोणच्यातला मुळा चिरत होते. हे मागे येऊन उभे राहिले.
"काल तार सुटली होती ना?"
मी हो म्हटलं. खोटं बोलवेना.
उजवा कान वसंतातच गेला म्हणे. डॉक्टरांकडे एकटेच जाऊन आले. परत येणार नाही तो.
"मला का नाही सांगितलंत?"
"तोकिए, ज्याला ऐकू येत नाही त्याच्याकडे ऐकायला कोण येईल?"
सुरी खाली ठेवली. त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. मग त्यांनी विचारलं, तुला कुठला आवडला? इतक्या वर्षांत पहिल्यांदा!
लांबवाला, म्हटलं. त्या बाईच्या श्वासाचंही सांगितलं. पुन्हा सांग म्हणाले. पुन्हा सांगितलं.

१४ नोव्हेंबर
महागडा परत गेला. लांबवाला बसला.

१६ नोव्हेंबर
दुकान उघडलं. हे तबकडीपाशी गेलेच नाहीत. गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसले, कॉफी मागवली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आजपासून सुई आमची ही टेकवणार."
मी हात पुसले. सुई टेकवली.