पतीच्या सहीची जागा

८ जानेवारी १९८२

नाही म्हणाले! म्हणजे तोंडानं नाही. बँकेच्या मॅनेजरांनी कर्जाचा अर्ज परत माझ्याकडे सरकवला आणि त्यावर बोट ठेवलं — 'इथं पतीची सही.'

मी म्हटलं, पगार माझा, घर मी घेतेय, हप्ता मी भरणार. मग सही त्यांची कशाला? हसले. 'बाई, पद्धत आहे.'

पद्धत! बारा वर्षं रिह्याच्या शाळेत पोरं शिकवतेय. पगारपत्रकावर सही करताना आजवर कोणी विचारलं नाही, नवरा कुठे आहे म्हणून.

आणि अलाउद्दीन कुठे आहे हे मला माहीत असतं तर! भिवंडीला मागावर काम बघतो म्हणून एस.टी.त बसला, त्याला सात वर्षं झाली. पहिल्या ईदेला मनिऑर्डर आली, मग तीही थांबली. तलाक दिला नाही, नांदवलंही नाही. असा माणूस सहीला कुठून आणू?

१० जानेवारी

आज रविवार, मुद्दाम रिह्याला जाऊन ते घर पुन्हा पाहून आले. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे आंब्याचं झाड. शाळा हाकेच्या अंतरावर. घरमालकीण रत्नाबाईंची पोरं पिंपरीला कारखान्यात लागली, म्हातारीला तिकडे घेऊन चाललीत. मला म्हणाल्या, 'बाई, तुमालाच देनार. पर आखितीपत्तुर थांबीन, फुडं न्हाई. पुन्याचा एक मानूस रोज माग लागलाय, पाडून बंगला बांदायचा म्हनतोय.'

अक्षयतृतीयेला अजून अवकाश आहे. पण बँकेची चाल बघता नाहीही.

मला हे घर हवंच आहे. पौडला भाईच्या दुकानामागे अम्मी आणि मी स्वयंपाकघरात झोपतो. सात वर्षांत मला एकदा मनासारखं रडतासुद्धा आलेलं नाही. डोळे पुसले की भाभी विचारते, आता काय झालं? स्वतःचं दार हवं, एवढंच.

१९ जानेवारी

अन्वरभाईला कळलं. जेवताना म्हणाला, 'माझ्या नावावर घे, सही मी करतो. हप्ता तू भर.' केवढं मोठं मन! आणि वर — 'लोक काय म्हणतील? भावानं बहिणीला बाहेर काढली.'

मी म्हटलं, लोकांना हप्ता भरायला सांग, मग त्यांचं ऐकते.

भाभी भांडी आपटायला लागली. भाई वाईट नाही, हे लिहून ठेवते. त्याला मनापासून वाटतं की बाईचं घर म्हणजे कुणाचं तरी घर.

२ फेब्रुवारी

अम्मीनं अबोला धरलाय. धरू दे.

१२ फेब्रुवारी

बँकेतला कारकून भला आहे. मॅनेजर जेवायला गेले तसा हळूच म्हणाला, 'बाई, मयत लिहा की. ग्रामपंचायतीतनं दाखला मिळंल. कोन बगतंय?'

मी टेबलावर हात आपटला. सगळी बँक वळून बघायला लागली! म्हटलं, मेलेला नाही तो, पळालेला आहे. दोन्हीत फरक आहे.

शाळेत लीलाबाईंना सांगितलं, तर त्याही कारकुनाच्याच बाजूनं. 'एका शब्दानं काम होतंय, हसिनाबाई. कशाला एवढा ताठा?'

ताठा आहेच! विधवा म्हटलं की सगळे च्‌ च्‌ करतील, चहा सांगतील, अर्जही पुढे सरकेल. मला कीव नको, कर्ज हवंय. आणि त्याला मेला म्हटलं की तो सुटला. सात वर्षं मला अधांतरी ठेवलं आणि आता मीच त्याला इतक्या स्वस्तात सोडू? मुळीच नाही.

३ मार्च

रजा टाकून पुण्याला, बँकेच्या मोठ्या कचेरीत. साहेबांना म्हटलं, नवऱ्याची सही लागते असा नियम असेल तर दाखवा, मी गप घरी जाते. त्यांनी जाडजूड पुस्तक काढलं. चाळलं. चष्मा लावून पुन्हा चाळलं. 'असेल कुठंतरी...' मी म्हटलं, शोधा, मला घाई नाही. (होती! शेवटची गाडी चुकणार होती.)

नियम नव्हता. शेवटी कंटाळून म्हणाले, तहसील कचेरीत प्रतिज्ञापत्र करा, कायम नोकरीतले दोन जामीन आणा, मग बघू.

येताना उभ्यानं आले. पाय मोडले, पण काय मजा आली!

९ मार्च

पौडच्या तहसील कचेरीत. व्हरांड्यात टायपिंगवाल्यानं आपल्याच मनानं ठोकून दिलं, 'पती बेपत्ता असून बहुधा मयत.' परत करायला लावलं. म्हटलं, लिहा — पती हयात आहेत, ठावठिकाणा माहीत नाही.

'हयात हाय हे तुमाला कसं ठावं?'

'असली माणसं मरत नाहीत.'

व्हरांडाभर हशा. साहेबांपुढे उजवा हात वर करून शपथ घेतली आणि ठळक सही केली. हसिना.

११ मार्च

हेडमास्तर हैबतराव गुरुजी जामीन झाले. मला वाटलं होतं तास-दोन तास समजावावं लागेल. त्यांनी पेन उघडलं, म्हणाले, 'हप्ता चुकला तर माझा पगार कापतील, बरं का.' चुकणार नाही म्हटलं. 'ते म्हाईत हाय म्हनून तर सही करतोय.'

दुसऱ्या जामीन लीलाबाई. ताठा म्हणणाऱ्या! सही करताना पुटपुटत होत्या, पण केली.

१ एप्रिल

बँकेचा माणूस घर बघायला रिह्यात आला. भिंती ठोकून पाहिल्या, कौलं पाहिली, आंबाही पाहिला. मी शेजारी उभी, तरी इकडेतिकडे बघत विचारतो, 'घेणारे साहेब नाही आले?'

रत्नाबाई ओसरीवरून ओरडल्या, 'ह्याच सायेब हायेत! च्या घ्या तुमी.'

घेतला बिचाऱ्यानं.

१४ एप्रिल

अजून काही नाही. पुण्याचा माणूस काल पुन्हा येऊन गेला म्हणे. जेवण जात नाही. मागे मात्र हटणार नाही.

२१ एप्रिल

मंजूर! मंजूर! पतीच्या सहीच्या जागी मॅनेजरांनी आडवी रेघ मारलीय. मी ती रेघ दोनदा पाहिली.

२३ एप्रिल

आखितीच्या आधी खरेदीखत झालं. रत्नाबाईंनी अंगठा दिला आणि पदरानं माझंच तोंड पुसलं. कागदावर माझं नाव 'हसिना अलाउद्दीन'. तो मधे बसलाय खरा. बसू दे. नावात बसायला भाडं पडत नाही.

२ मे

राहायला आले. अम्मीही आली! आधी उंबऱ्यातच उभी राहिली, मग चूल कुठल्या बाजूला मांडायची यावरून भांडली. म्हणजे राहणार. भाईनं दुकानातून घासलेटचा डबा पाठवला, निरोप काही नाही.

१६ मे

दुपारच्या गाडीनं शाहजादी आली, अलाउद्दीनची बहीण. तो गेला. भिवंडीत, काविळीनं, गेल्या बकरी ईदच्याही आधी. तिलाही आत्ताच कळलं.

अम्मी रडत म्हणाली, आता इद्दतीला बसायचं, चार महिने दहा दिवस घराबाहेर पाऊल नाही. शाहजादी म्हणाली, 'इमामसाहेबांना इचारूनच आलेय. मुदत मरनाच्या दिसापास्नं धरत्यात. ती कवाच सरली.'

म्हणजे बँकेत हात आपटला तेव्हा मी विधवा होते. शपथेवर हयात लिहिलं तेव्हा तो मातीत होता.

दोघींना ओसरीवर बसवलं, दार लावलं, आतून कडी घातली आणि मोठमोठ्यानं रडले. कोणी विचारलं नाही.