नकाशे परत आले, दादा

प्रिय दादा,

आज दुपारी कोर्टातून तुझे नकाशे घरी आणले. जगनला जन्मठेप झाली, अपिलाची मुदत सरली, तेव्हा कुठे मिळाले. ऑस्ट्रिया-हंगेरीवर तुझं रक्त वाळून काळं पडलंय. वहिनी आत निघून गेली. मी मात्र बघत बसले, आणि तुला लिहायला घेतलं.

किती वेड होतं रे तुला! भूगोलाचा मास्तर, पण सुट्टी लागली की सुरतच्या जुन्या बाजारात. प्रशिया, झारचा रशिया... सगळी बुडालेली राज्यं ठिबक सिंचनाच्या उरलेल्या पाइपांत गुंडाळून ठेवायचास. मी चिडवलं की म्हणायचास, "राज्य गयं, पन गावे तठेच शेतस ना! दखाले मजा येस."

त्या सकाळी आपला चुलतभाऊ जगन पहार घेऊन घरात घुसला. बापाचं शेत तू नकाशात लपवलंस म्हणत होता. "मन्हा बापनं वावर कोठे दपाडं? काढ तो नकाशा!"

तू हसलास. का हसलास रे? "जगन भो, हाऊ युरोप शे. आठे तुन्हं वावर नही."

त्याला ती थट्टा वाटली. त्यानं पाइप आपटले, प्रशिया उभी फाडली. तू ऑस्ट्रियावर दोन्ही हात पसरलेस. पहिला घाव बोटांवर बसला. तेव्हा तरी सोडायचं होतंस! दुसरा कानशिलावर, तिथेच संपलास.

मी वरवंटा उचलला. त्याचं कोपर मोडलं. तो पडला तरी मारत राहिले. शेजाऱ्यांनी ओढलं नसतं तर आज मीही तुरुंगात असते. खरं सांगू? हात अजून शिवशिवतात.

साक्षीत वकिलानं विचारलं, "नकाशांचं आरोपीला कसं कळलं?" मी म्हटलं, माहीत नाही.

खोटं बोलले, दादा. आठवडाभर आधी गिरणीवर जगनच्या बायकोशी माझं वाजलं होतं. बांध आम्ही कोरला म्हणत होती. तिला जळवायला मी ओरडले, "मन्हा दादाकडे जुना नकाशा शे! कोन्ही चोरी शे, निंघीच त्यामा!" तुझ्याकडे गावाचा एकही नकाशा नाही, हे मला ठाऊक होतं. तिनं घरी जाऊन सांगितलं असणार.

शिव्या दे मला.

उद्या सकाळी वहिनीला सगळं सांगते. तिनं हात उगारला तर आडवा हात धरणार नाही. घराबाहेर काढलं तर निमूट जाईन. तुझी शपथ.

तुझी,
मंगल