न लागलेल्या दगडांचा नियम

माय, या पत्रात मला एकच विधान सिद्ध करायचे आहे: अंतराळयानांच्या क्षेपणास्त्रांवरील जे प्रकरण माझ्या नावाने छापले जाणार आहे, त्याचा मूळ नियम तू सोनगीरच्या शिवारात, दादर ज्वारीच्या शेतातल्या माळ्यावर उभी राहून घालून दिला होतास.

प्रथम शब्दांचे अर्थ निश्चित करते. जळगावला राहणारी तुझी नात एका खेळाचे पुस्तक लिहिते आहे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एखाद्या यानाचा कप्तान होतो, आपण काय करणार ते बोलून सांगतो आणि जिथे शंका असेल तिथे फासे टाकतो. शस्त्रांचे प्रकरण तिने माझ्याकडे सोपवले. "आई, तू जन्मभर तर्कशास्त्र शिकवलंस. पळवाट राहणार नाही असं लिही," म्हणाली. मी लिहिले. वेग, पल्ला, नेम लागण्याची शक्यता, सारे तक्त्यांत बसवले. पळवाट एकही नव्हती, आणि खेळही नव्हता. क्षेपणास्त्र लागले की समोरचा संपायचा. चुकले की ते वाया. कप्तानाने विचार करावा असे काही उरतच नसे. तिसऱ्या चाचणीनंतर तिचा धुळ्याला फोन आला. "आई, रागावू नकोस, पण क्षेपणास्त्रं मी पुस्तकातून काढतेय. कंटाळवाणी झालीत." मी पुढच्या रविवारपर्यंत मुदत मागून घेतली.

माझे सारे तक्ते एका गृहीतकावर उभे होते: जे लागत नाही, ते वाया जाते. हे गृहीतक मी कुठून उचलले याचा शोध घेताना मला तो दिवस सापडला.

मी वसतिगृहातून सुटीला आले आहे. दादर कणसावर आहे आणि भोरड्यांचे थवे उतरू पाहत आहेत. तू माळ्यावर उभी, गोफण डोक्याभोवती फिरते आहे, आणि खाली मी, तुझी लेक, वही घेऊन तुझे दगड मोजते आहे. बांधापलीकडून शेजारीण ओरडते, "अक्का, तुनी आंडेर काय मोजी ऱ्हायनी वं?" हात न थांबवता तू म्हणतेस, "मन्या चुका मोजी ऱ्हायनी. शिकेल शे ना ती!" दोघी हसता. मी हसत नाही. मी जाहीर करते की चाळीस दगडांत एकही पाखरू पडलेले नाही, तेव्हा तुला नेम नाही हे सिद्ध होते. तू खाली उतरून गोफण माझ्या हातात देतेस. "आते तू मार."

मी थव्याच्या ऐन मध्यावर नेम धरला. बऱ्याच दगडांनंतर एक भोरडी पडली. ती उचलून तुला दाखवायला मी धावले. तू तिच्याकडे पाहिलेही नाहीस. शेताच्या दुसऱ्या टोकाच्या रिकाम्या कणसांकडे बोट केलेस. "एक मारं तू. तिकडे बठ्ठं खाई गयात." मला तो हरलेल्या पक्षाचा त्रागा वाटला.

आता दिसते ते असे. तू थव्यावर दगड मारतच नव्हतीस. थवा जिथे उतरणार, तिथे त्याच्याआधी तुझा दगड पोहोचायचा. थवा वळायचा, पुन्हा यायचा, पुन्हा वळायचा, आणि शेवटी दमून सोनगीरच्या किल्ल्याकडे निघून जायचा. प्रत्येक वळणाला त्यांचे बळ सरत होते. तुझा सरत होता एक दगड.

नवा नियम एवढाच आहे. यान पुढच्या डावाला जिथे असेल, तिथे क्षेपणास्त्राची सोंगटी ठेवायची. समोरच्याने मार खावा, नाहीतर वळावे. वळायला इंधन लागते, आणि अवकाशात थांबायलाही इंधनच लागते.

रविवारी जळगावात धान्य वाहणारे एक संथ यान माझ्या राखणीत होते. ते लुटायला निघालेला कप्तान म्हणजे तुझ्या नातीच्या कचेरीतला एक तरुण, रावेरकडच्या केळीवाल्या घरातला. माझी सहाही क्षेपणास्त्रे त्याने चुकवली. "काकू, सहाच्या सहा फुकट! चष्म्याचा नंबर बदला." मी म्हणाले, "बदलते. आधी तुझं इंधन किती उरलं ते सांग." त्याने कागद पाहिला. धान्याच्या यानाशेजारून तो भर वेगात पुढे निघून गेला. थांबायला त्याच्यापाशी काही नव्हते. "हे चीटिंग आहे," तो म्हणाला, आणि लगेच, "पुन्हा खेळू. या वेळी क्षेपणास्त्रं माझी."

प्रकरण पुस्तकात राहिले. हे तुला सुचलं कसं, असे तुझ्या नातीने विचारले. मला सुचलेले नाही, असे सांगून मी नियमाच्या डोक्यावर 'गोफण' हा शब्द लिहिला. तो लिहिताना मला जो अभिमान वाटला, तो पदवी घेतानाही वाटला नव्हता.

तू हा नियम कधी शब्दांत मांडला नाहीस, असा आक्षेप कुणी घेईल. जी बाई प्रत्येक दगडात नियम पाळते, तिला तो ठाऊक नव्हता हे मला मान्य नाही. शिवाय तू तो मांडला होतास, दोन वाक्यांत, बोट दाखवून.

तू आता नाहीस, तेव्हा हे पत्र कुठे धाडायचे नाही. हस्तलिखितात त्या पानाशी ते राहील. विधान सिद्ध झाले असे मी मानते. माझ्या जुन्या निष्कर्षातला दोष तेवढा उरतो, तो सहीनिशी मान्य करते: त्या दिवशी मी दगड मोजले, कणसे मोजली नाहीत.

तुझी आंडेर